पुजलेली फ्लॉपी

ओल्या हळदीचा वास आला, की नव्वदच्या दशकातले आमचे वाशीचे घर आठवते. एकदा घरचा संगणक दुरुस्त होऊन आला, पण आतला माझा कवितासंग्रह पुसला गेला होता. त्याची एकच प्रत फ्लॉपीवर काढून, सुरक्षित राहावी म्हणून मी पनवेलला सासूबाईंच्या कपाटात ठेवली होती. त्या ती घेऊन आल्या. दसऱ्याला पुजलेली, वरच्या चिठ्ठीवर हळदकुंकू माखलेली. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "अगं, कपाळाला लावलंय, पोटात नाही गेलं." मी ती भीतभीत आत सरकवली. किंचित घरघर झाली आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली. सासूबाईंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि एकेक कविता मोठ्याने वाचली. तोवर त्यांना एकही दाखवण्याचे धाडस मला झाले नव्हते. आजही नवी कविता मी आधी त्यांच्याच आवाजात ऐकते.