मुद्दाम बिघडवणारे साडू

कुठलीही गोष्ट आपण होऊन बिघडण्याआधी ती बिघडवून पाहिली पाहिजे, एवढ्या एकाच श्रद्धेवर जगणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सावेडीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. आम्ही एकाच कंपनीत होतो. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, नेटवर्क सांभाळणारा कोड मी लिहायचो आणि साडू तो छळायचे. त्यानं मेमरी मागितली की मुद्दाम नाही म्हणायचं, नेटवर्कवरून आलेलं माहितीचं पॅकेट मध्येच गायब करायचं, आणि तो सावरतो की कोसळतो ते बघत बसायचं, हा त्यांचा पगारी उद्योग. घरीही तेच. भर स्वयंपाकात सिलिंडर बंद करायचे आणि मेव्हणी न बोलता इंडक्शनकडे वळली की समाधानानं मान डोलवायचे. एकदा शनिशिंगणापूरला जाताना घोडेगावच्या अलीकडे आमची भाड्याची जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर मागं जाऊन आला.

"सायेब, स्टेपनी कुठं गेली वो? सकाळी तर हुती."

"मी घरी काढून ठेवली," साडू शांतपणे म्हणाले. "ती नसली तर तुम्ही काय करता, ते बघायचं होतं."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "ह्ये तुमचं कोन?"

मी नातं सांगितलं.

"मंग काय बोलनार," तो म्हणाला आणि उन्हात टायरवर बसला.

हे मी हसून सांगतो खरा, पण मला तो अधिकार उरलेला नाही. एकदा साडूंनी माझ्या कोडला मेमरी नाकारली, तर तो सावरायच्या गडबडीत मेमरीतली एकच जागा चुकून दोनदा मोकळी करून मशीनसकट बंद पडला. "नोंद करतो," ते म्हणाले. "नका करू, साडूभाऊ, आजच दुरुस्त करतो," मी म्हणालो. नात्याखातर त्यांनी नोंद केली नाही. मी दुरुस्त केलं नाही. विसरलो म्हटलं तर ते खोटं होईल. मुदत जवळ आली होती आणि मेमरी प्रत्यक्षात कोण नाकारतंय, असं मला वाटलं होतं. महिन्याभरात एका दुपारी त्याच चुकीनं ग्राहकाची सगळी यंत्रं बंद पडली. बैठकीत साहेबांनी विचारलं, टेस्टिंगमधून हे सुटलंच कसं? साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. त्यांची नोकरी गेली. कंटाळा आला म्हणून सोडली, असं त्यांनी दोन्ही घरी सांगितलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जाऊन सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोड पडला त्याचं काही नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही बोलाल, असं मी धरून चाललो होतो. न तपासता."

आतून मेव्हणीनं विचारलं, "दाजी, जेवायला थांबताय ना?"

"थांबतात," साडूच म्हणाले. "पिठलं जरा जास्त टाक."

मी थांबलो. तिला अजून काहीच माहीत नाही. तिनं आमची दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली.