जनावर हरवलं तेव्हा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या दुष्काळात आमच्या श्रीगोंद्याकडे चाऱ्याची काडी उरली नव्हती. सासऱ्यांनी गुरं राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोऱ्यातल्या एका कुरणावर हलवली आणि त्यांच्यामागे आम्हा नवरा-बायकोला धाडलं. खाली नदीकाठी कोळ्यांचं गाव, वर उतारावर ठाकरवाडी आणि मधोमध आमचा गोठा. सासूबाईंच्या चुलीपुढून सुटून मी गुरांत आले आणि पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, आता परत जायचं नाही. मला गुरांतलं कळायचं. नवऱ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगते.

ह्यांचं शेजारपाजाऱ्यांशी काही जमलं नाही. ठाकरवाडीत लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करायची रीत, ती ह्यांना झोंबायची. मला मात्र कुणीतरी 'तू' म्हणतंय याचंच बरं वाटायचं. सासरी सगळे नुसते हुकूम सोडायचे.

दुसऱ्या वर्षी गोठ्यात एक डांगी गाय होती, काळी-पांढरी, दिवस भरलेली. पेंड आणायला संगमनेरला निघताना ह्यांनी बजावलं, "तिला सोडू नकोस. काही झालं तर तुझी रवानगी श्रीगोंद्याला." ते थट्टेत बोलले नव्हते. पण गाभण गाईला पाय मोकळे करू द्यावेत असं माझं मत होतं, आणि माझं मत मला पुरेसं होतं. मी सोडली. संध्याकाळी बाकीची गुरं परतली, ती आली नाही.

उजाडल्याबरोबर मी ठाकरवाडी गाठली. माणसं भात कापायला निघाली होती. तिथली एक म्हातारी माझ्या ओळखीची होती. तिला विचारलं, "आजी, आमचं जनावर हिकडं आलंय का?"

म्हातारीच्या हातातला विळा तसाच राहिला. "जनावर? तू बगितलं?"

"बगितलं न्हाई. पर काल सांजच्यापासनं हितंच कुटंतरी हाय. गाभण हाय, उपाशी बी आसंल."

"गाभण!" म्हातारी ओरडली, आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. शेळ्या आत घेतल्या, पोरं आत कोंडली, बाप्ये कोयते आणि काठ्या घेऊन धावले. एकाने टेकडावरून खाली हाक दिली, तर कोळ्यांच्या गावातूनही माणसं डबे बडवत निघाली. कापायचं भात तसंच उभं राहिलं. माझा ऊर भरून आला. माझ्या एका गाईसाठी एवढी माणसं! मी ऐटीत सगळ्यांच्या पुढे चालत होते.

गाय ओढ्याच्या वरच्या कारवीच्या झुडपांत सापडली. व्यालेली होती, ओलं वासरू चाटत उभी होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले. मागे माणसं कोयते उगारून उभीच होती.

"जनावर कुटं हाय?" म्हातारीने विचारलं.

"हे काय!"

माणसांनी कोयते खाली घेतले. मग म्हातारी सावकाश म्हणाली, "बाई, हिला गाय म्हनत्यात. जनावर म्हंजे वाघ. आमी त्याचं नाव घेत न्हाई."

आमच्याकडे गाय-बैलालाच जनावर म्हणतात. डोंगरात ते वाघाचं नाव असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी एवढी माणसं कामावरून उठवली होती, तीही गाभण, उपाशी वाघिणीसाठी. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. आधी एक हसला, मग सगळे हसले. वासरू एकाने खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यात भात कापायला गेले. दुपारी हे पेंड घेऊन आले ते थेट खाचरातच. वाटेत कोळ्यांच्या गावाने सगळं सांगितलेलं होतं.

"चल, बोचकं बांध," हे म्हणाले. "उद्याच्या एसटीनं श्रीगोंदा. सगळ्या खोऱ्यात हसं करून घेतलंस."

मी विळा खाली ठेवला नाही. पण सांगितलेलं ऐकलं नव्हतं, हे खरंच होतं.

तेव्हा म्हातारी बांधावर चढली आणि ह्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"तू हितं दोन सालं ऱ्हातोस," ती म्हणाली. "उद्या तुज्या गोठ्यात खरंच जनावर शिरलं आन तू वरडलास, तर आमच्यातलं कोन यील?"

ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं; खाचरातली सगळी माणसं कापणी थांबवून त्यांच्याकडेच बघत होती.

"हिच्या हाकंला दोन गावं उठली," म्हातारी म्हणाली. "आता हिला घालवायची का ऱ्हाऊ द्यायची, ते तूच बग."

मग ह्यांनी टोपी काढून बांधावर ठेवली आणि म्हातारीला विचारलं, "आजी, एक विळा हाय का?"