लॉंड्रीवालीचं ऊन

लॉंड्रीवालीने शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर डूख धरला होता, आणि तो तिने ठेवणीतल्या कपड्यासारखा जपला होता. वरून बघाल तर बाई गोड. गिऱ्हाईक आलं की बसा म्हणणार, डाग निघाला नाही तर आपणहून सांगणार. पण शेजारच्या उंच इमारतीचा विषय निघाला की हातातला कपडा असा पिळायची, की त्यात त्या माणसाची मानगूटच आहे. सून म्हणायची, "आई, फाटेल तो."

"फाटू दे," ती म्हणायची. "भरून देईन."

भांडण उन्हाचं होतं. घरामागे तिचं मोकळं अंगण, अंगणभर दोऱ्या. ती आणि तिचा नवरा आसपासच्या दवाखान्यांच्या चादरी धुवायचे. चादरीला ऊन लागतंच. सावलीत वाळलेल्या चादरीला कुबट वास येतो, आणि आजारी माणसाचं नाक फार तिखट असतं. तेव्हा वस्ती वाढायला लागली होती. जिकडे बघावं तिकडे पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. एक दिवस अंगणाच्या दक्षिणेला, भिंतीला भिंत लागून, अशीच एक इमारत उठायची ठरली. वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये सुनावणी लागली.

त्या सुनावणीची एक रीत होती. ज्याची भिंत प्लॉटला टेकलेली, त्याने आधी बोलायचं, आणि त्याच्या शब्दाला वजन. तिच्या नवऱ्याला कुठली बोलायची सवय? आयुष्यभर माणूस पाण्याशीच बोलला. त्याने बादलीत एक भिजलेली चादर घालून नेली, साहेबांच्या टेबलासमोर ती दोन्ही हातांनी उंच धरली आणि म्हणाला, "साहेब, ही मी आता कुठं वाळत घालू?" एवढंच. पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

बिल्डरच्या बाजूने एक तरणा इंजिनिअर उभा होता. तो हसत म्हणाला, "ऊन काही कुणाच्या मालकीचं नसतं हो." आणि मग शिपायाकडे वळून, नवऱ्याकडे बोट करून म्हणाला, "या ओल्या चादरीला कुणीतरी बाहेर न्या." सगळा हॉल खो खो हसला. साहेबसुद्धा हसले.

इमारत उठली. अंगणात दिवसभर सावली बसली, दवाखाने एकेक करून गेले, आणि राहिली ती शर्टपँटची फुटकळ इस्त्री. ते एक वेळ चाललं असतं हो. पोट काय, कसंही भरतं. पण नवऱ्याला गल्लीत नाव पडलं ते पडलंच. ओली चादर. पोरं हाक मारायची, दुकानदार हाक मारायचे, आणि तो भला माणूस ओ द्यायचा. तो गेला त्या दिवशी दारात कुणीतरी विचारलं, "कोण गेलं? ओली चादर का?" ते तिने आत, त्याच्या उशाशी बसून ऐकलं. डूख धरला तो तेव्हा.

त्या इंजिनिअरने त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतलं होतं. पुढे तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला, पोट सुटलं, केस पिकले. पूर्वेच्या बाल्कनीत त्याची म्हातारी आई सकाळचं ऊन खात बसायची. लॉंड्रीवाली खाली सावलीत कपडे झटकायची आणि मान वर करून बघायची. म्हातारीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं, उलट कधी दिसली तर हात हलवायची. लॉंड्रीवाली हात हलवायची नाही. तिच्या मनात एकच होतं: ते ऊन गेलं पाहिजे.

आणि बघा, पूर्वेला गल्लीपलीकडे जुनं गोदाम होतं, ते पाडून तिथे टॉवर बांधायचा घाट घातला गेला. सेक्रेटरीच्या तोंडचं पाणी पळालं. टॉवर उठला की बाल्कनीत अंधार. पण त्याच्या इमारतीच्या आणि गोदामाच्या मधे गल्ली आडवी येत होती, त्यामुळे त्याची भिंत प्लॉटला टेकत नव्हती. टेकत होती फक्त लॉंड्रीवालीच्या अंगणाची, गल्ली जिथे संपते त्या मागच्या कोपऱ्यात.

मग काय, स्वारी आली दारात.

"मावशी, कशा आहात?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आहे तशीच. इस्त्री टाकायचीय?"

"नाही नाही. ते टॉवरचं ऐकलं ना? तुमचं सगळं ऊन जाणार बघा."

लॉंड्रीवालीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा करतोय की काय? छे. गडी अगदी कळवळून बोलत होता. त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. ती चादर नाही, तो हॉल नाही, नवऱ्याचा चेहरा नाही. ज्या माणसासाठी तिने इतकी वर्षं दातओठ खाल्ले, त्याच्या खिजगणतीतही ती नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाई पक्की. म्हणाली, "मग काय करायचं म्हणता?"

"तुम्ही आधी बोला. आमच्या बाल्कनीचं मी काढलंच नाही अर्जात; श्रीमंतांचं रडगाणं वाटतं ते. सगळी भिस्त तुमच्या उन्हावर. गरीब बाई, दोऱ्या, कपडे... साहेब विरघळतील."

"बोलेन की," ती म्हणाली.

तो गेल्यावर सून कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, त्याला मदत करणार तुम्ही?" त्या दिवशी सासूने इस्त्री करता करता गाणं गुणगुणलं.

सुनावणीला सेक्रेटरीने तिला स्वतःच्या गाडीतून नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास आणून दिला. हॉल तोच होता, फक्त पंखे नवे. नाव पुकारल्यावर ती पदर सारखा करून उठली.

"साहेब, माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "माझ्या अंगणात ऊन येतच नाही, तर टॉवर नेणार काय? माझं ऊन यांच्या इमारतीने नेलं. तेव्हा याच हॉलमध्ये यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, ऊन कुणाच्या मालकीचं नसतं म्हणून. मोठ्या माणसाचा शब्द मी कसा मोडू? बांधू दे टॉवर. हवा तेवढा उंच बांधू दे."

सेक्रेटरीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्ता आठवलं गड्याला. तो उठून बाल्कनीचं काहीबाही बोलू लागला, तर साहेब म्हणाले, अर्जात तर यातलं काही नाही. शेवटी त्याने एवढंच पदरात पाडून घेतलं की टॉवरची त्यांच्या बाजूची भिंत काळपट दगडाची नको, पूर्ण काचेची हवी, म्हणजे निदान उजेड वाटेल. टॉवरवाल्यांनी आनंदाने मान्य केलं.

टॉवर उठला. बाल्कनीतलं सकाळचं ऊन गेलं, आणि म्हातारी आत गेली ती अंथरुणालाच खिळली. लॉंड्रीवालीला वाईट वाटलं का? वाटलं. एक दिवस घास गिळवेना. पण पुन्हा संधी मिळाली असती, तर ती पुन्हा हेच बोलली असती, आणि तेही तिला ठाऊक होतं.

आणि मग काचा बसल्या. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन सेक्रेटरीच्या गच्चीवरून त्या काचांवर आदळायचं आणि तिथून तिरपं खाली, थेट लॉंड्रीवालीच्या अंगणात उतरायचं. चांगलं कडक ऊन. सेक्रेटरीच्या बाल्कनीला ते चुकवून जायचं. पहिल्या दिवशी ती दोरीखाली नुसती उभी राहिली, डोळे मिटून. दुसऱ्या दिवसापासून सून दवाखान्यांचे उंबरे झिजवायला लागली, आणि चादरी परत आल्या.

एका दुपारी फाटकाशी सेक्रेटरी उभा. हातात बादली.

"काय आणलंय?" तिने आतूनच विचारलं.

तो हळू म्हणाला, "आईची चादर आहे. रोज बदलावी लागते. मशीनमध्ये वाळवली की तिच्या पाठीला खुपते. उन्हातली हवी म्हणते."

समोरचा दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला. गल्लीत दोघंतिघं थबकली. लॉंड्रीवालीने चिमटे खाली ठेवले.

"म्हातारीची आहे, मग वाळायलाच हवी," ती म्हणाली. "पण दोरी एकही रिकामी नाही. ऊन तिथं पडलंय, मधोमध. दोन्ही हातांनी उंच धरा आणि उभे राहा."

"मी?"

"मग कोण? याच गल्लीतला एक माणूस त्या हॉलमध्ये असाच उभा राहिला होता. त्याला तुम्ही बाहेर काढलंत."

मग त्याने चादर काढली आणि उन्हात जाऊन दोन्ही हातांनी उंच धरली. पाणी त्याच्या कोपरांवरून बुटांवर टपकत होतं. सून जवळ येऊन पुटपुटली, "आई, माझी एक दोरी मोकळी करू का?"

"वाळेपर्यंत थांब," लॉंड्रीवाली म्हणाली, आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.