शांतवनची क्लॅरिनेट

एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढच्या वर्षी आमची पलटण नगरला, भिंगारच्या छावणीत आली. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. बँडवाला म्हटलं की लोक हसतात. यांना काय, लग्नात वाजवायचं! अहो, लढाई लागली की वाद्यं स्टोअरमध्ये जमा होतात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. गोळे पडत असतात तिथूनच जखमी आणायचे असतात. हसणाऱ्यांनी एकदा यायचं होतं सोबत.

माझ्या स्ट्रेचरचं पुढचं टोक नाईक शांतवनकडे असायचं. तो जामखेडकडचा, ख्रिस्ती घरातला. क्लॅरिनेट मला त्यानंच शिकवली. सीमेवर एका दुपारी आम्ही जखमीला घेऊन उसातून येत होतो. गोळ्याची शीळ ऐकू आली आणि माझे दात कडाकडा वाजायला लागले. मागे न बघता तो म्हणाला, "किसन, दात सोड. चल." त्यानंतरच्या गोळ्यात तो गेला. जखमी वाचला. मीही वाचलो.

भिंगारला बँडमास्टर साहेबांनी मला बोलावलं. शांतवनच्या गावी त्याच्या आठवणीची उपासना होती. आईचा निरोप होता, मुलाची क्लॅरिनेट एकदा ऐकायची आहे.

"रविवारी तू वाजवशील."

"साहेब, दुसरं कुणी..."

"तूच. आणि त्याचीच क्लॅरिनेट."

"जी, साहेब."

स्टोअरमधून त्याच्या क्लॅरिनेटची पेटी आणली. तोंडात धरायच्या माउथपीसला त्याची रीड तशीच बांधलेली होती. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी, सूर तिच्यातून निघतो. वाजवणारा ती घासून घासून आपल्या ओठाला बसवतो. दुसरी लावली तर शांतवनचा सूर निघाला नसता.

मी फुंकलं. कर्कश किंकाळी निघाली. तीच शीळ, गोळ्याची. मी बराकीच्या भिंतीला टेकून खालीच बसलो. अंगाला दरदरून घाम सुटला होता.

रीड सुकून वाकली होती. ती पाण्यात भिजवली, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तिची पाठ सपाट केली. तिला धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू सैल केले, रीड केसभर खाली सरकवली. सूर थोडा नरमला, पण मध्येच किंचाळायचाच. टोक कापून बघावं तर हात धजेना. बिघडली तर संपलंच की सगळं. आईला मुलाचा सूर ऐकायचा होता आणि मी तिला तो गोळा ऐकवणार होतो. ही भीती रविवारपर्यंत गेली नाही.

गावात पोचल्यावर चर्चच्या मागच्या अंगणात एकदा फुंकून पाहिलं. पुन्हा किंकाळी! कोंबड्या उधळल्या. तेवढ्यात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी माझ्याकडे आली. चेहरा थेट शांतवनचा.

"तू किसन न्हवं? लई सांगायचा तुझं."

"आई, मला जमंना. लई भ्या वाटतंय."

"त्याचं बी सुरवातीला असंच कोकलायचं. मी म्हनायची, आरं चावतोस कशाला, खायाचं हाय का ते? दात सोड."

हे शब्द मी शेवटचे कुठे ऐकले, ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

माउथपीस नीट बघितला. वरच्या बाजूला, टोकाजवळ, दातांच्या दोन उथळ खुणा होत्या. मी भीतीपायी माउथपीस फार आत घेत होतो आणि करकचून चावत होतो. आता दात त्या खुणांवर नुसते टेकवले.

उपासनेत उभा राहिलो. डोळे मिटले, जबडा सैल सोडला आणि फुंकलं. सूर मऊ निघाला. भीती गेली नव्हती, पण किंकाळी आली नाही. पुढच्या बाकावरून आई एवढंच म्हणाली, "त्योच हाय."

मग साहेबांना सांगून ती क्लॅरिनेट मी निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच ठेवली. रोज वाजवली की माउथपीसवर वाजवणाऱ्याच्या दातांच्या खुणा पडतातच. एवढी वर्षं वाजवून मी ती जमा केली तेव्हा तिच्यावर दोनच खुणा होत्या. त्या शांतवनच्या होत्या.