आंब धरायची थंडी

जानेवारी लागला तरी पंखा फिरत होता. आमच्या आखाडा बाळापूरकडच्या गावात संक्रांतीच्या तोंडावर पंखा लावून झोपायचं, हे मला काही पटत नव्हतं. पुण्याहून येताना बॅगेत कोंबलेले स्वेटर घडी न मोडता पडून होते. सकाळपासूनच ऊन अंगाला चावायचं, संध्याकाळी ढग यायचे आणि मग डास. मी मोबाइलवर उद्याचं किमान तापमान बघायची, थोड्या वेळानं परत बघायची. आकडा हलायचा नाही आणि माझा जीव एका जागी ठरायचा नाही. कारण आईचं माझ्याबरोबर येणं त्या आकड्यावर अडलं होतं.

वडील जाऊन हे दुसरं वर्ष. पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि शेजारणीनं बघेपर्यंत तशीच चिखलात बसून राहिली. मी एकुलती एक. तेव्हाच ठरवून टाकलं की आता हिला एकटं ठेवायचं नाही. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हटल्यावर ती आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण ती फोनवर लगेच हो म्हणाली. एवढंच म्हणाली की थंडी पडू दे, आंब धरली की निघू.

आंब म्हणजे हरभऱ्याच्या पाल्यावरचं आंबट पाणी. थंडीत दव पडलं की पाल्याची खार त्यात उतरते. संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं धोतर पसरायचं, उन्हं यायच्या आत उचलायचं आणि काचेच्या बाटलीत पिळायचं. मग वर्षभर कुणाचं पोट दुखलं की पाण्यात चमचाभर घालून द्यायचं. धोतर पिळायला दोघं लागतात. एक टोक वडिलांच्या हातात, दुसरं आईच्या. दोघं उलट्या बाजूनं पीळ द्यायचे आणि मी मधे बाटली धरून कुडकुडत उभी राहायची. थेंब बाहेर सांडला की दोघंही माझ्यावर ओरडायचे. एरवी त्यांना एकमेकांशी फारसं बोलताना मी पाहिलं नाही, पण पीळ देताना त्यांचं कधी चुकायचं नाही. बाटली भरली की वडील ती फडताळात वरच्या फळीवर ठेवायचे.

शेत घराच्या मागेच आहे, आता बटईनं, निम्म्या वाट्यानं दिलंय. ढगाळ हवेनं अळी पडली म्हणून बटईदारानं हरभऱ्यावर फवारा मारला. आईनं बजावलं म्हणून घराकडच्या काही ओळी तेवढ्या सोडल्या. त्या ओळींवर आई रोज संध्याकाळी वडिलांचं धोतर पसरायची. रोज सकाळी मी विचारायची आणि ती कोरडं म्हणून सांगायची.

मी चिडायला लागले. रजा संपत आली होती, तिकडे लेकीची दहावी होती. शेवटी आईला म्हटलं, पोटदुखीच्या गोळ्या ढिगानं मिळतात, यंदा राहू दे तुझी आंब. ती तीळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काहून घाई करून राहिली गं? नातीसाठी बाटली भरून नेऊ. रिकाम्या हातानं लेकीच्या दारात कशी येऊ मी?"

नातीनं आंब शेवटची घेतली तेव्हा ती पहिलीत होती आणि तोंड वाकडं करून थुंकली होती. आता ती माझ्याहून उंच झाली आहे आणि आजीशी फोनवर दोन शब्द बोलून फोन माझ्याकडे देते. हे आईला सांगायचा धीर झाला नाही. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. गहू वेळेआधीच निसवून ओंबीवर आला होता, दारातल्या आंब्याला मोहोर फुटला होता. सगळ्यांनाच कसली तरी घाई सुटली होती, एक आईच तेवढी जागची हलत नव्हती. चुलीपुढची तिची वाकलेली पाठ दिसली की मी तिथंच थबकायची. ही इतकी म्हातारी कधी झाली, आणि मी तेव्हा कुठे होते? मग मला राग यायचा, पण तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे जाग आली ती पाय गार पडले म्हणून. पंखा बंद केला, पांघरूण ओढलं आणि एकदम उठून बसले. आई अंथरुणात नव्हती. मागच्या दारातून बाहेर आले तर पायाखालचं गवत ओलं. इतका आनंद झाला की चपला घालायचंही सुचलं नाही. बाटली घेऊन तशीच शेताकडे निघाले.

आई माझ्याकडे पाठ करून बांधावर उभी होती. हातातलं धोतर ओलं होऊन जड लोंबत होतं. पिळायला दोघं लागतात, म्हणजे ती आता मला हाक मारणार म्हणून मी थांबले. तिनं हाक मारली नाही. तिनं ते धोतर कुंपणाच्या तारेवर टाकलं, दोन्ही हातांनी नीट पसरलं, सुरकुत्या काढल्या आणि ऊन यायची वाट बघत उभी राहिली. मी बाटली घेऊन आल्या पावली परतले.

उन्हं वर आल्यावर ती धोतराची घडी घेऊन घरात आली. मी विचारलं, झालं का काही?

"न्हाई माय," ती म्हणाली. "आजबी कोरडंच."

घडी माझ्या हातात देऊन ती आत भांडी लावायला गेली. घडीच्या आत अजून दमटपणा होता. बोट लावून जिभेवर ठेवलं, आंबट, खारट. माझे डोळे भरून आले. मला सरळ का सांगत नाही, म्हणून तिचा संताप आला. सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही मला माहीत होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. उद्याची दोन तिकिटं काढू ना, म्हणून विचारत होता. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"एकच काढ," मी म्हटलं. "इकडे यंदा थंडीच पडली नाही."