न बघता लिहिलेली वेळ

आई, सुमी,

एसटी सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली होती, "लोकांची बाळंतपणं कराया चाललीस, तुजा कोन करनार गो?" अख्खी गाडी हसली. मी भाईंदरपर्यंत धुमसत आले. वीस वर्षं होत आली, तो राग अजून गेलेला नाही.

कारण माझ्या जन्माची वेळ तुम्ही कुणी बघितलीच नाही. "गुरं गोठ्यात येत होती," एवढंच आईला आठवतं. त्यावर कुठे पत्रिका होते? स्थळं परत जायला लागली, तेव्हा अण्णांनी मला नर्सिंगला घातलं.

आणि इथल्या मॅटर्निटी होममध्ये नव्या सिस्टरला बाळाला हातच लावू देत नसत. ट्रे दे, बेसिन धू आणि बाळ बाहेर आलं की घड्याळ बघून वेळ लिही. तीन वर्षं शिकले ती यासाठी? वर माझ्या हिंदीला आयाबाया खिदळायच्या. रोज डोक्याला ताप.

त्यात एका दुपारी खारीगावची कविता आली, पहिलटकरीण. मुलगी झाली आणि रडेचना. डॉक्टरबाई ओरडल्या, "सक्शन!" मी नळी घेऊन धावले. ती रडेपर्यंत मी नळी धरून तिथेच. मेट्रनने विचारलं, "टाइम?" अगं बाई! घड्याळ बघायचंच राहिलं होतं. मी अंदाजाने ठोकून दिलं, दोन चाळीस.

तिसऱ्या दिवशी कविताची सासू तणतणत आली. जोशीबुवांनी सांगितलं होतं, मुलगी मूळ नक्षत्रावर आलीय. सत्तावीस दिवसांनी मूळशांती होईपर्यंत बापाने तिचं तोंड बघायचं नाही. दहाच मिनिटं उशिरा झाली असती तर मूळ संपलं असतं. कविता मला म्हणाली, "सिस्टर, बापानं अजून पोरीला बघितली न्हाय. तुमी घड्याळ नीट बघितलेलं हाय ना?"

मी तडक उठले. मेट्रनकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "लिहिलंय ते लिहिलंय. बाहेर तोंड उघडलंस तर लेबर रूम विसर."

दिवसभर बेसिनं धुतली. पण पत्रिकेपायी मुलीचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? संध्याकाळी बाप वॉर्डाच्या दाराबाहेर पाठ करून उभा होता. म्हटलं, "भाऊ, ती वेळ मी मनाने लिहिलीय. घड्याळ बघितलंच नव्हतं." सासूने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो मात्र सरळ आत गेला आणि मुलीला उचललं.

मला वर्षभर ओपीडीत वजनकाट्यापाशी बसवलं. चूक माझीच होती, मान्य. पण मनचं लिहिलं ते चाललं आणि खरं बोलले तर शिक्षा! वा रे न्याय!

मुलीच्या बाराव्या दिवशी खारीगावाहून बोलावणं आलं. बापाला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्या मीच. बाळाच्या कानात नाव मी सांगितलं. सासूने फुरंगटून का होईना, मला कुंकू लावलं.

सुमी, तू फोनवर विचारतेस, "ताई, घरी कधी येतेस?" येते की गणपतीला. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही विचारता, परतीचं रिझर्व्हेशन कधीचं आहे. इथे दोन रविवार खारीला गेले नाही तर ती मुलगी, आता कॉलेजात जाते, दारात येऊन भांडते, "आत्या, घरी का नाही आलीस?"

तीही 'घरी'च म्हणते गं. आणि मी कुलूप लावून तिच्याबरोबर निघते.