वैभवने ड्रॉ नाकारला होता

रविवारी जिंकलेला माणूस आज सकाळी गेला.

टाइप करतोय, पण पटत नाहीये.

वैभव. चिंचपोकळीचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. सकाळी त्याच्या बायकोचा, स्नेहाचा फोन.
"अरे, वैभव बाथरूममध्ये पडलाय. उठतच नाहीये."

हॉस्पिटलला पोचलो. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. हार्ट अटॅक.

अरे, परवा तर माझ्या शेजारी बसून खेळत होता!

दादरला बुद्धिबळाची टूर्नामेंट होती. शेवटच्या राउंडला त्याच्यासमोर तेजस. वैभव त्याच्याविरुद्ध तोवर एकदाही जिंकला नव्हता. ड्रॉसुद्धा नाही.
त्यात याच्याकडे काळे मोहरे, म्हणजे पहिली चाल तेजसची.

तरी पठ्ठ्यानं सिसिलियन ड्रॅगन लावला. दोघंही एकमेकांच्या राजावर तुटून पडतात, बचावाला वेळच नसतो, असली जहाल ओपनिंग.

तेजसची प्यादी याच्या राजाच्या दारात आली. तेव्हा यानं हत्ती देऊन घोडा मारला.
मला वाटलं, संपला.

तेजस पटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ड्रॉ?"

मी डोळ्यांनीच खुणावत होतो, घे ना भावा!

वैभव म्हणाला, "नको रे. खेळूया."

थोड्याच चालींत तेजसचा राजा उघड्यावर पडला. त्यानं डाव सोडला, हात मिळवला.

बाहेर चहा पिताना वैभव विचारत होता, "जिंकलो ना रे मी? नक्की ना?"

रात्री त्याची आई गावाहून आली. कुडाळहून निघताना तिला फक्त 'बरं नाही' एवढंच सांगितलं होतं.
ती रडलीच नाही. त्याच्या उशाशी बसून केसांवरून हात फिरवत राहिली.

तेजसही आला होता. तिच्यासमोर खाली बसला.
"काकू, रविवारी वैभवनं मला हरवलं."

तिनं वर बघितलं. "जिंकलो तो?"

"हो काकू. मी ड्रॉ देत होतो. त्यानं घेतला नाही."

"मगे माका कित्याक नाय सांगल्यान?"

त्यानं आईला का सांगितलं नाही, ते स्नेहाला ठाऊक होतं. ती म्हणाली,
"तुम्ही आलात की समोर बसवून सांगणार होता, आई. फोनवर मजा नाही म्हणाला."

तेव्हा ती रडली.

वैभव, आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार घे रे.